तिसरा बिंदू

नववीच्या सहामाहीत बीजगणिताच्या पेपरात आलेख आला होता. २क्ष − य = ४, आलेख काढा, गुण चार. मी काढला. पेन्सिलीला टोक इतकं केलेलं की कागदाला भोक पडावं, बिंदू खसखशीएवढे, रेघ एका दमात ओढलेली, दोन्ही टोकांना बाण, रेघेच्या अंगाला समीकरणाचं नाव आणि वर उजव्या कोपऱ्यात चौकटीत प्रमाण : दोन्ही अक्षांवर १ सेंमी = १ एकक. पेपर तपासून आले तेव्हा आलेखाखाली लाल शाईत लिहिलं होतं, ‘आलेख सुंदर. समीकरण दुसरेच.’ चारपैकी एक.

चूक साधीच होती. क्ष शून्य घेतला की उरतं −य = ४, म्हणजे य = −४. मी चिन्ह खाल्लं आणि नुसतं ४ लिहिलं. दुसरा बिंदू (२, ०) बरोबर होता. पण (०, ४) आणि (२, ०) जोडले की रेघ उजवीकडे उतरत जाते, आणि या समीकरणाची रेघ चढायला हवी होती. मी काढला तो आलेख २क्ष + य = ४ चा होता. त्या समीकरणाचा म्हणून कुणी तपासला असता, तर चारपैकी चार द्यावे लागले असते.

आता कुणी विचारेल, तिसरा बिंदू घेतला नव्हतास का? घेतला होता ना! कोष्टकात तीन रकाने होते, तिसऱ्यात (३, −२) होतं आणि तो बिंदू रेघेवर अगदी चपखल बसला होता. बसणारच. कारण तो मी समीकरणातून काढलाच नव्हता. दोन बिंदू मिळाल्यावर पट्टी ठेवून रेघ ओढली, तीनच्या खाली ती कुठे जाते ते पाहिलं आणि तोच आकडा कोष्टकात भरला. वर्गातल्या निम्म्या मुली हेच करायच्या. एका आलेखामागे एक आकडेमोड वाचायची आणि बिंदू चुकायची भीतीही नसायची.

सरांनी तिसऱ्या बिंदूचं कारण सांगितलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं. सरळ रेघ ठरवायला दोन बिंदू पुरतात, तिसरा साक्षीला. तो रेघेवर आला नाही तर समजायचं, आधीच्या दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलतंय, किंवा साक्षीदारच चुकलाय. आम्ही काय करत होतो, तर साक्षीदाराला घरून पढवून आणत होतो. मग तो वेगळं बोलेल कशाला?

त्या आलेख कागदाचं मात्र मला फार अप्रूप होतं. वाण्याकडच्या वहीच्या कागदासारखा तो खरखरीत नसे. पोपटी रेघांचा, गुळगुळीत, मिलिमीटरच्या चौकटींनी भरलेला आणि दर सेंटीमीटरला जरा जाड रेघ. एका चौरस सेंटीमीटरात शंभर घरं, हे मी एकदा तास चालू असताना खरोखर मोजून पाहिलं होतं. परीक्षेत तो पुरवणीसारखा मागून घ्यायचा आणि पेपराला दोऱ्याने बांधायचा. खोडरबर चालवलं की शिस जायचीच, सोबत पोपटी रेघाही फिकट व्हायच्या आणि तिथे कागदाला लव यायची. म्हणजे चूक सुधारली तरी ती कुठे झाली होती ते तपासणाऱ्याला कळायचंच. पट्टीचंही एक तंत्र होतं. डाव्या हाताची बोटं पसरून ती दाबायची. एकाच बोटाने दाबली की पेन्सिल शेवटाला पोचेपर्यंत ती गिरकी घेते आणि रेघ तिसऱ्या बिंदूला अर्ध्या मिलिमीटरने चुकवून जाते. माझ्या पट्टीची एक कड धाकट्या भावाने दातांनी कुरतडलेली होती. त्या बाजूने ओढलेल्या प्रत्येक रेघेला सहा सेंटीमीटरपाशी एक टेंगूळ यायचं. शाळेतल्या माझ्या सगळ्या सरळ रेघा दुसऱ्या कडेच्या आहेत.

सर शिकवायचे बरं. पुस्तकात अक्षरं इंग्रजी छापलेली असायची, पण सर जुन्या पुस्तकांवर शिकलेले, त्यामुळे त्यांच्या तोंडी क्ष आणि य. ‘आधी आडवं चालायचं, मग उभं चढायचं,’ असं ते फळ्यासमोर स्वतः चालून दाखवायचे. (१, ३) आणि (३, १) यांत गोंधळ करणाऱ्या मुलीला ते म्हणत, ‘बाई, जिन्यापर्यंत पोचायच्या आधीच चढायला लागलीस.’ फ्रेंच गणिती देकार्तची माशीची गोष्टही त्यांनीच सांगितली. देकार्त अंथरुणात पडून छताकडे बघत होता, छतावर माशी फिरत होती, ती कुठे आहे हे सांगायला दोन भिंतींपासूनची अंतरं पुरतात असं त्याच्या लक्षात आलं, वगैरे. आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. आमच्या छतावर पाल होती. पुढे मी या माशीचा माग काढायला गेले, तर तिला पुरावा काहीच नाही. देकार्तचं भूमितीवरचं पुस्तक १६३७ सालचं, पण त्यात आपली ती बेरजेच्या चिन्हासारखी अक्षांची फुली आणि चौकटींचा कागद कुठेच नाही. अज्ञात राशींना रोमन वर्णमालेची शेवटची अक्षरं द्यायची पद्धत मात्र त्याचीच. त्यातलंच एक अक्षर रॉन्टजेनने १८९५ मध्ये न कळणाऱ्या किरणांना दिलं आणि आपल्याकडे येऊन त्याचे क्ष-किरण झाले. गणितातला क्ष तरी सोडवता येतो. या किरणांचं कोडं केव्हाच सुटलं, तरी नाव आपलं क्षच राहिलं.

माझं घोडं अडलं होतं ते निराळ्याच जागी. आठवीपर्यंत प्रत्येक समीकरणाला उत्तर असायचं. शेवटी क्ष = ७ आलं की त्याखाली दोन रेघा मारायच्या आणि पुढच्या गणिताकडे वळायचं. त्या दोन रेघा मारताना जे बरं वाटायचं त्यासाठीच मी गणित करायचे. नववीत समीकरणात क्षच्या जोडीला य आला आणि ते सुख गेलं. क्ष + य = ५. उत्तर काय? मी हात वर करून विचारलं. सर म्हणाले, असंख्य. ‘मग लिहायचं काय?’ ‘लिहायचं कुठे गं? काढायचं!’ वर्ग हसला. मला वाटलं, सरांनी विनोद केला. वाक्य खरंतर सगळ्या धड्याचा गाभा होतं, पण तास संपला आणि आम्ही प्रमाण लिहायला विसरलं की अर्धा गुण जातो, या महत्त्वाच्या विषयाकडे वळलो.

असंख्य उत्तरांची धास्ती आपल्याकडच्या जुन्या गणित्यांना मुळीच नव्हती. आर्यभटाने ४९९ मध्येच दोन अज्ञातांच्या अशा समीकरणांची पूर्णांक उत्तरं काढायची रीत दिली होती. तिला पुढे कुट्टक नाव पडलं. मोठ्या संख्यांचं कुटून कुटून पीठ करायचं म्हणून कुट्टक. धन आणि ऋण हे शब्द ब्रह्मगुप्ताच्या ६२८ सालच्या ग्रंथातले. सोलापूरच्या बाजारपेठेत वाढलेल्या मुलीला ऋण म्हणजे काय ते वेगळं समजावावं लागत नाही. आणि बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या बीजगणितात पहिला अज्ञात यावत्तावत्, पुढचे कालक, नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा! क्ष आणि य ऐवजी आम्हाला रंग शिकवले असते तर वही तरी देखणी झाली असती. पण कुट्टकाची उत्तरं सुटी सुटी असतात, पूर्णांकांची. ती कागदावर मांडली तर ठिपके दिसतील, रांगेत उभे असलेले. मधल्या जागा भरून त्यांची रेघ करायची, अपूर्णांकांनाही उत्तर म्हणून आत घ्यायचं, आणि मग त्या रेघेलाच उत्तर म्हणायचं, ही उडी निराळी. मला ती गणिताच्या तासाला मारता आली नाही. ती घरी मारली गेली, वहीच्या कव्हरावरून.

माझे बाबा सोलापूरला रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर होते, म्हणजे आपल्या टप्प्यातली कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कुठली पुढे काढायची ते ठरवणारे. १९९१ च्या सुमाराची गोष्ट. तेव्हा हे काम संगणकावर गेलेलं नव्हतं; समोर भलामोठा छापील चार्ट, कानाला हेडफोन, हातात पेन्सिल आणि पट्टी. रद्दीत निघालेल्या जुन्या चार्टचे कागद घरी यायचे आणि आमच्या वह्या-पुस्तकांना त्यांची कव्हरं लागायची. जाड कागद, पाठ कोरी, वर्षभर फाटायचं नाव नाही. ते घरी आणणं नियमात बसत होतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारून उपयोग नाही. माझ्या बीजगणिताच्या वहीलाही तेच कव्हर होतं, छापलेली बाजू आत.

पेपर दाखवायच्या दिवशी बाबा रात्रपाळी करून झोपून उठले होते. लाल शेरा वाचला, आलेख बघितला आणि म्हणाले, ‘रेघ चांगली ओढतेस की.’ मग वहीचं कव्हर सोडवून त्यांनी ते जमिनीवर उलटं पसरलं. आत रेघाच रेघा. आडव्या दिशेला वेळ, दहा-दहा मिनिटांच्या उभ्या रेघा. उभ्या दिशेला स्टेशनं, एकाखाली एक, जितकं अंतर तितकी जागा सोडून : कुर्डुवाडी, माढा, मोहोळ, सोलापूर. आणि या जाळीवर तिरप्या ओढलेल्या गाड्या. कुर्डुवाडीकडून सोलापूरला येणाऱ्या एका बाजूला कललेल्या, सोलापूरहून जाणाऱ्या दुसऱ्या बाजूला. उभट रेघ म्हणजे जोरात जाणारी गाडी. पसरट रेघ म्हणजे मालगाडी. मध्येच रेघ सपाट झाली की गाडी उभी आहे : वेळ पुढे चाललाय, स्टेशन तेच. सरांनी शिकवलेला ‘चढ’ हा असा आमच्या घरातल्या फरशीवर पडलेला होता आणि मी त्यात माझी चढाची गणितं गुंडाळून शाळेत नेत होते.

बाबांनी मग पेन्सिल घेतली. कुर्डुवाडी ते सोलापूर साधारण ऐंशी किलोमीटर धर. एक गाडी कुर्डुवाडीहून सुटली, तासाला साठ. त्याच वेळी सोलापूरहून मालगाडी निघाली, तासाला चाळीस. कुठे भेटतील? मी सवयीने समीकरण मांडायला लागले. क्ष तास, कुर्डुवाडीपासून य किलोमीटर. पहिलीचं य = ६०क्ष, दुसरीचं य = ८० − ४०क्ष. म्हणून १००क्ष = ८०, क्ष = शून्य दशांश आठ तास, म्हणजे ४८ मिनिटं, आणि य = ४८ किलोमीटर. तोवर बाबांनी दोन रेघा ओढून फुलीवर बोट ठेवलं होतं. ‘मोहोळच्या आसपास,’ ते म्हणाले. ‘आसपास चालत नाही पण. मोहोळातच पाहिजे.’

तेव्हा दौंड ते सोलापूर मार्गाचा बराच भाग एकेरी होता. आता दुहेरी झालाय. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या दोन गाड्यांच्या रेघा चार्टवर एकमेकींना छेदणार त्या स्टेशनाच्या रेघेवरच, कारण एकीला लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळांवर, घेऊन दुसरीला काढून द्यायची सोय तिथेच. छेदनबिंदू दोन स्टेशनांच्या मधे पडला तर काय, हे बाबांनी बोलून दाखवलं नाही. नुसतं पेन्सिलीचं टोक त्या मधल्या कोऱ्या जागेवर टेकवून उचललं. एकसामयिक समीकरणं आम्हाला अजून शिकवायची होती. पुढे ती आली तेव्हा पुस्तकभर बापलेकांची वयं होती : पाच वर्षांपूर्वी बाप मुलाच्या तिप्पट, दहा वर्षांनी दुप्पट. असा हिशेब कोणत्या घरात कोण करतो, मला आजतागायत कळलेलं नाही.

पण माझ्या मनात पढवलेला साक्षीदार सलत होता. बाबा पट्टी ठेवून रेघेवरून वाचत होते : ही गाडी सव्वादोनला माढ्याला, ती दोन पन्नासला मोहोळला. मी म्हटलं, ‘मी पण हेच केलं. रेघ ओढली आणि तिच्यावरून वाचलं.’

बाबा हसले. ‘बरोबर केलंस. रेघ वाचायलाच असते. पण आधी ती पडते कशावरून? प्रत्येक स्टेशनवरनं मास्तर फोन करतो, अमुक गाडी इतक्या वाजता गेली. तो एक ठिपका. पुढच्या स्टेशनचा फोन आला की दुसरा. मी मनानं ठिपके टाकायला लागलो तर रेघ छान येईल गं. गाडी तिथं नसेल.’

चारपैकी तीन गुण का गेले ते मला लाल शाईने सांगितलं होतं. पण आपण चोरी म्हणून जे करत होतो तेच आलेखाचं खरं काम आहे, हे त्या दुपारी कळलं. रेघ ही उत्तरांची साठवण आहे. क्ष अडीच असेल तर य किती, ते आकडेमोड न करता तिच्यावरून उचलता यावं म्हणून ती काढायची. आमच्या शाळेत रेघ काढली की प्रश्न संपायचा. तिच्यावरून काही वाचा, असं कुणी कधी विचारलं नाही. विहीर खणून घ्यायची, दगडी बांधून घ्यायची, बांधकामाला गुण द्यायचे, आणि पाणी कुणी शेंदायचं नाही, असा तो प्रकार.

आणखी एक गाठ त्याच कव्हरावर सुटली. क्ष = ३ चा आलेख उभा की आडवा, यात मी हमखास चुकायचे. क्ष आडवा अक्ष, म्हणून रेघ आडवी असणार, असं हाताला वाटायचं. बाबांना विचारलं, तुमच्या चार्टवर सरळ उभी रेघ कधी येते का? त्यांनी जरा विचार केला. उभी रेघ म्हणजे वेळ तीच आणि स्टेशनं सगळी. एकाच मिनिटाला गाडी कुर्डुवाडीतही आणि सोलापुरातही. ‘तशी गाडी आली की सांगतो तुला,’ म्हणाले. त्यानंतर क्ष = ३ ला मी कधी चुकले नाही, आणि उभ्या रेघेला चढ नसतो, हेही पाठ करावं लागलं नाही.

तेव्हापासून डोळ्याला खोड लागली ती लागलीच. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरतं, तेव्हा त्याचा आलेख रेघ नसून जिना होतो : टप्पा संपेपर्यंत सपाट, मग पायरी. रिक्षाचं मीटर सुरुवातीला एका उंचीवर सपाट चालतं आणि पहिल्या दीड किलोमीटरनंतर चढायला लागतं. विजेच्या बिलाची रेघ शून्यातून निघतच नाही. घर महिनाभर बंद ठेवा, स्थिर आकार द्यावाच लागतो. य-अक्षाला रेघ कुठे छेदते ते मला त्या बिलाइतकं झोंबेल असं कुणी शिकवलं नाही.

आता भाची नववीत आहे. पुण्यात, सेमी-इंग्रजीत, त्यामुळे तिचे एक्स आणि वाय. गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आलेख घेऊन आली, म्हणजे मोबाइल घेऊन आली. जिओजेब्रात समीकरण टाइप केलं की रेघ हजर. खाली एक सरकपट्टी, ती बोटाने सरकवली की चढ बदलतो आणि रेघ घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. मी दहा मिनिटं नुसती ती सरकवत बसले. चढ शून्यावर आणला, गाडी लूपमध्ये उभी राहिली. ऋण केला, गाडी परत फिरली. आमच्या वेळी हे असतं तर, असलं काही मी म्हणणार नाही. चढ शिकवायला याहून चांगली गोष्ट मी पाहिलेली नाही, आणि कुरतडलेल्या पट्टीत काही संस्कार दडलेला नव्हता.

तरी वहीत हाताने दोन आलेख काढायचे होतेच. २क्ष + य = ५ आणि क्ष − य = १, एकाच कागदावर. तिने पहिल्याचे दोन बिंदू काढले, (०, ५) आणि (१, ३). पट्टी ठेवली, रेघ ओढली, आणि तिसऱ्या रकान्यात काही लिहायच्या आधी पट्टीवरून खाली डोकावली.

‘आत्या, बघू नकोस.’

‘मी काही म्हटलं का?’

‘तिसरा सगळे असाच भरतात.’

‘आम्हीही भरायचो. पण एक कर, आधी आकडेमोडीने काढ आणि मग डोकाव.’

तिने नाक मुरडलं, तीन घेतलं, सहा वजा केले, आणि वायच्या घरात १ लिहिलं. बिंदू रेघेच्या चांगला दोन एकक वर जाऊन पडला. ती कागदाकडे बघत राहिली. मला जीभ चावून गप्प बसावं लागलं. खोडरबर उचलून ती रेघ खोडायला निघाली, थांबली, पहिला बिंदू पुन्हा तपासला, दुसरा तपासला, मग तिसऱ्याशी आली आणि स्वतःशीच ‘अरे, मायनस’ म्हणाली. (३, −१). बसला.

दुसरी रेघ पटकन झाली. दोघी (२, १) पाशी एकमेकींना छेदून गेल्या. बाबा पलीकडे आरामखुर्चीत होते. आता त्यांना लहान अक्षरं दिसत नाहीत, रेघा दिसतात. तिने कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि फुलीवर नख टेकवलं.

‘हे कुठलं स्टेशन?’

‘आजोबा, गणित आहे हे. स्टेशन नसतं.’

‘दोन गाड्या एकत्र आल्यात. स्टेशन पाहिजे.’

तिने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. मग तिने पेन्सिलीला टोक केलं आणि (२, १) च्या शेजारी अगदी बारीक अक्षरात लिहिलं : मोहोळ.